वाशिष्ठीचा आराखडा करण्याआधी चिपळूणकरांना विचारा : चॅटनूगा शहराचा दाखला

मा. संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

वाशिष्ठीतला गाळ, शहरातल्या निळ्या आणि लाल पूररेषा आणि नदीकाठचे सुशोभीकरण या विषयांवर आपल्या दैनिकात 2021 च्या महापुरापासून सातत्याने लिहिले जात आहे आणि एक चिपळूणकर म्हणून मी त्यातले जवळजवळ सगळे वाचत आले आहे. किती गाळ निघाला, किती निधी मंजूर झाला, कुठला टप्पा रखडला, हे त्यातून कळते. एक गोष्ट मात्र कळत नाही. पेठमापात, मुरादपुरात, बाजारपेठेत किंवा गोवळकोटच्या धक्क्यापाशी राहणाऱ्या माणसाला आपली नदी आणि तिचा काठ पुढच्या वीस वर्षांत कसा हवा आहे, हे आराखडा कागदावर उतरण्यापूर्वी त्याला कोणी विचारले आहे काय? हा प्रश्न मी अमेरिकेतल्या एका मध्यम आकाराच्या शहराचा दाखला देऊन मांडू इच्छिते. त्या शहराचे नाव चॅटनूगा. माझी भाची नोकरीनिमित्त तिथे राहते आणि तिच्याकडे मुक्कामाला असताना मला ते शहर पायी हिंडून पाहता आले. आपल्याकडे अमेरिकेविषयी जे लिहिले जाते ते बहुधा न्यूयॉर्क, शिकागो, सॅन फ्रान्सिस्को यांच्याभोवतीच फिरते. ज्या शहरांचे प्रश्न आपल्या शहरांच्या मापाचे आहेत, ती नजरेआड राहतात. म्हणून पत्र थोडे लांबले तरी आपण त्यास जागा द्यावी, ही विनंती.

चॅटनूगा टेनेसी राज्याच्या आग्नेय टोकाला, जॉर्जिया राज्याच्या सीमेलगत, टेनेसी नदीच्या एका मोठ्या वळणावर वसलेले आहे. 2020 च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या 1 लाख 81 हजार आहे. म्हणजे 2011 च्या जनगणनेतल्या चिपळूणच्या तिपटीहून थोडी अधिक. लुकआउट आणि सिग्नल हे डोंगर आणि मिशनरी रिज नावाची लांब टेकडी यांनी शहराला वेढले आहे आणि मधून नदी वाहते. सह्याद्रीचा उतार, परशुरामाचा घाट आणि वाशिष्ठी यांच्यामध्ये वाढलेल्या आपल्या गावातल्या माणसाला ही रचना समजावून सांगावी लागत नाही. डोंगरांनी वेढलेल्या नदीकाठच्या शहराची सुखे आणि दुखणी दोन्हीकडे सारखीच आहेत.

पहिले दुखणे पुराचे. चॅटनूगाच्या खालच्या अंगाला टेनेसी नदी एका अरुंद दरीत शिरते. वरून लोंढा आला की त्या दरीतून पाण्याला पुरेशी वाट मिळत नाही आणि ते मागे, शहरात तुंबते. आपल्याकडे अतिवृष्टीच्या वेळी खाडीला भरती असली की जे होते, तेच तिथे डोंगरांमुळे होत असे. मार्च 1867 मध्ये नदीची पातळी जवळजवळ 58 फुटांवर गेली. धोक्याची पातळी आहे 30 फूट. त्यानंतरच्या काळात मध्यवस्तीतले अनेक रस्ते भर घालून उंच करण्यात आले, त्यामुळे जुन्या इमारतींचे तळमजले जमिनीखाली गेले आणि काही तळघरांमध्ये अर्धवट गाडलेल्या खिडक्यांच्या कमानी अजून दिसतात. पुढे 1933 मध्ये अमेरिकी सरकारने संपूर्ण टेनेसी खोऱ्यासाठी एक स्वतंत्र प्राधिकरण स्थापन केले. पूरनियंत्रण, वीजनिर्मिती आणि जलवाहतूक या तिन्ही गोष्टी एकाच यंत्रणेच्या हाती आल्या आणि शहराच्या वरच्या बाजूला 1940 मध्ये चिकमॉगा धरण पूर्ण झाले. मुख्य नदीचा महापूर त्यामुळे आटोक्यात आला. शहरातून नदीला मिळणाऱ्या साउथ चिकमॉगा क्रीकसारख्या लहान प्रवाहांना मात्र धरण आवरू शकत नाही आणि मुसळधार पावसात ते आजही काठ सोडतात. वाशिष्ठीवर सगळी चर्चा खिळलेली असताना आपल्या शहरातून तिला मिळणाऱ्या शिवनदीकडे दुर्लक्ष होऊ नये, असे मला वाटते त्याचे हेही एक कारण आहे.

दुसरे दुखणे त्या शहराने स्वतः ओढवून घेतले होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रेल्वे, कोळसा आणि लोखंड यांच्या जोरावर चॅटनूगा दक्षिणेतले मोठे कारखानदारीचे शहर झाले. फाउंड्र्या, कोक भट्ट्या आणि टीएनटी हे स्फोटक बनवणारा सरकारी दारूगोळा कारखाना यांचा धूर डोंगरांच्या त्या वाडग्यात साठून राहत असे. हिवाळ्यात वर उबदार हवेचा थर बसला की खालचा धूर वर जाऊच शकत नसे. भरदिवसा मोटारींचे दिवे लावावे लागत आणि कचेरीत जाणारे लोक दुपारी बदलायला दुसरा पांढरा सदरा बरोबर नेत, असे तिथले वृद्ध सांगतात. 1969 मध्ये केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याच्या अहवालात हवेतल्या धूलिकणांच्या बाबतीत हे शहर देशात सर्वांत वाईट ठरले. वॉल्टर क्रॉन्काइट या त्या काळच्या सर्वांत विश्वासार्ह मानल्या जाणाऱ्या वृत्तनिवेदकाने दूरचित्रवाणीवरच्या रात्रीच्या बातम्यांत ते साऱ्या देशाला सांगितले.

यानंतर जे घडले ते मला फार महत्त्वाचे वाटते. अहवाल खोटा आहे, शहराची बदनामी केली जात आहे, असा कांगावा करून विषय मिटवता आला असता. तसे न करता त्याच वर्षी स्थानिक पातळीवर हवा प्रदूषणाविरुद्ध कडक नियम करण्यात आले, ते राबवण्यासाठी मंडळ नेमले आणि सर्व कारखान्यांना ऑक्टोबर 1972 ची मुदत दिली. बहुतेक मोठ्या कारखान्यांनी ती पाळली. 1989 पर्यंत शहराची हवा केंद्राच्या सर्व निकषांवर उतरली. त्या दारूगोळा कारखान्याच्या जमिनीवर आज फोक्सवॅगनचा मोटारींचा कारखाना उभा आहे. त्याच कंपनीचा चाकणचा प्रकल्प 2009 मध्ये सुरू झाला आणि त्यानंतर दोनच वर्षांनी, 2011 मध्ये, चॅटनूगाच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. औद्योगिक वसाहतींच्या सांडपाण्याने खाडीतली मासळी मेल्याच्या तक्रारी आपल्या खाडीपट्ट्यातले भोई बांधव वर्षानुवर्षे करत आहेत. रोजगार हवा म्हणून प्रदूषण सोसले पाहिजे, हे उत्तर त्यांना ज्या सहजपणे दिले जाते, ते टिकणारे नाही, हे चॅटनूगाच्या उदाहरणावरून दिसते.

हवा स्वच्छ झाली म्हणून शहर सावरले, असे मात्र झाले नाही. सत्तरच्या आणि ऐंशीच्या दशकांत जुने कारखाने एकामागोमाग बंद पडत गेले. मध्यवस्तीतली दुकाने ओस पडली, नदीकाठी गोदामे आणि पडीक जागा उरल्या. 1980 मध्ये सुमारे 1 लाख 70 हजार असलेली लोकसंख्या 1990 मध्ये 1 लाख 52 हजारांवर आली. ज्या गावातली तरुण मुले शिक्षण संपले की मुंबई-पुण्याची वाट धरतात आणि घरांना गणपती-शिमग्यापुरतीच जाग येते, त्या गावातल्या वाचकांना या आकड्यांचा अर्थ सांगायला नको.

शहर घसरणीला लागलेले असतानाच, 1984 मध्ये, चॅटनूगाने तो प्रयोग केला, ज्यासाठी मी हे पत्र लिहीत आहे. ‘चॅटनूगा व्हेंचर’ ही नागरिकांची ना-नफा संस्था स्थापन झाली आणि तिने ‘व्हिजन 2000’ या नावाने जाहीर सभांची मालिका घेतली. सन 2000 पर्यंत आपले शहर कसे व्हावे, हा एकच प्रश्न होता. राहण्याच्या जागा, काम, करमणूक, माणसे आणि शासन अशा विषयांनुसार सभा होत. कोणीही यावे, आपली सूचना मांडावी, ती लिहून घेतली जावी आणि शेवटी जमलेल्यांनीच कुठली सूचना अधिक महत्त्वाची ते ठरवावे, अशी पद्धत होती. सुमारे वीस आठवडे हे काम चालले, 1700 हून अधिक नागरिक त्यात सहभागी झाले आणि त्यातून 40 उद्दिष्टांची यादी तयार झाली. नदीकाठ सर्वांना खुला करणे, मोडकळीस आलेला जुना पूल वाचवणे, टिव्होली हे 1921 चे नाट्यगृह दुरुस्त करणे, कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना परवडतील अशी घरे बांधणे, घरात मारहाण सोसणाऱ्या स्त्रियांसाठी आसरा उभारणे, असे कितीतरी विषय त्या यादीत एकाच मोलाने आले. या शेवटच्या विषयाकडे मी मुद्दाम लक्ष वेधते, कारण नदीकाठच्या नियोजनाची बैठक तज्ज्ञ आणि ठेकेदार यांच्यापुरतीच भरली असती तर तो विषय त्या टेबलावर कधीच आला नसता. आठ-नऊ वर्षांत यादीतली बहुतेक उद्दिष्टे पूर्णपणे किंवा बऱ्याच अंशी साध्य झाली. त्यावर समाधान न मानता 1993 मध्ये शहराने पुन्हा लोकांना बोलावले आणि त्या वेळी आधीपेक्षाही अधिक माणसे आली.

त्या जुन्या पुलाविषयी सविस्तर लिहिणे भाग आहे. वॉलनट स्ट्रीटचा पूल 1891 मध्ये बांधून झाला. नदीच्या दोन्ही काठांना जोडणारा लोखंडी सांगाड्याचा हा पूल 2376 फूट लांब आहे. असुरक्षित ठरल्यामुळे 1978 मध्ये तो वाहनांना बंद झाला आणि पुढे पाडून टाकण्याचे ठरले. नागरिकांनी तो पाडू दिला नाही. दुरुस्तीनंतर 1993 मध्ये तो केवळ पायी चालणाऱ्यांसाठी खुला झाला आणि आज जगातल्या सर्वांत लांब पादचारी पुलांत त्याची गणना होते. मी त्यावरून चालले तेव्हा पायाखाली डांबर नव्हते, लाकडी फळ्या होत्या. दोन फळ्यांच्या फटीतून खालचे पाणी चमकताना दिसे, आणि दोन्ही बाजूंना निळ्या रंगाने रंगवलेल्या लोखंडी कमानी होत्या. संध्याकाळी चाकाच्या खुर्चीतले आजोबा, बाबागाडी ढकलणाऱ्या आया, धावणारी कॉलेजातली मुले, कठड्याला टेकून काहीच न करता उभी असलेली माणसे, असे सगळे एकाच वेळी त्यावर होते. कोणालाही तिकीट नव्हते.

पण त्याच पुलाच्या दक्षिण टोकाशी तीन पुतळे आहेत आणि ते पाहिल्याशिवाय या शहराविषयी चांगले बोलू नये, असे माझे मत आहे. एड जॉन्सन या कृष्णवर्णीय तरुणाला 1906 मध्ये बलात्काराच्या आरोपावरून, अत्यंत अपुऱ्या पुराव्यावर, फाशीची शिक्षा झाली. नोआ पार्डन आणि स्टाइल्स हचिन्स या दोन कृष्णवर्णीय वकिलांनी त्याची बाजू वॉशिंग्टनला नेली आणि सर्वोच्च न्यायालयाने फाशीला स्थगिती दिली. ती बातमी आली त्याच रात्री, 19 मार्च 1906 रोजी, जमावाने तुरुंग फोडून त्याला बाहेर ओढले आणि याच पुलावर फासावर लटकावले. सर्वोच्च न्यायालयाने आपल्या आदेशाच्या अवमानाबद्दल शेरिफ, म्हणजे तिथले पोलीस प्रमुख, जोसेफ शिप आणि इतरांवर स्वतः खटला चालवला आणि 1909 मध्ये त्यांना दोषी ठरवले. त्या न्यायालयाने आपल्या आजवरच्या इतिहासात चालवलेला हा एकमेव फौजदारी खटला आहे. जॉन्सनची शिक्षा रद्द व्हायला मात्र सन 2000 उजाडावे लागले आणि त्याचे स्मारक 2021 मध्ये उभे राहिले. आपण निर्दोष आहोत, देव तुम्हा सर्वांचे भले करो, असे त्याचे अखेरचे शब्द त्याच्या थडग्यावर कोरलेले आहेत. ज्या पुलावर पर्यटक छायाचित्रे काढतात, त्याच पुलाच्या तोंडाशी आपल्या पूर्वजांचा गुन्हा नावानिशी मांडण्याचे धैर्य त्या शहराने दाखवले, याचा माझ्यावर फार खोल परिणाम झाला.

नदीकाठावर असेच आणखी एक ठिकाण आहे. चेरोकी या मूळ रहिवाशांचा नेता जॉन रॉस याने सुरू केलेला व्यापारी धक्का तिथे होता आणि 1838 मध्ये त्याच धक्क्यावरून चेरोकी लोकांना त्यांच्या भूमीतून हुसकावून पश्चिमेकडे पाठवण्यात आले. त्या वाटेवर हजारो जण मेले. आज तिथे नदीकडे उतरणारा दगडी जिना आहे, त्याच्या पायऱ्यांवरून पाणी वाहत असते आणि भिंतीवर चेरोकी कलाकारांनी घडवलेली मोठी वर्तुळाकार शिल्पे आहेत. उन्हाळ्यात लहान मुले त्या पाण्यात खेळतात.

शेजारीच टेनेसी मत्स्यालय आहे. 1 मे 1992 रोजी ते खुले झाले तेव्हा गोड्या पाण्यातल्या जीवांचे ते जगातले सर्वांत मोठे मत्स्यालय होते. पाहणाऱ्याला आधी सर्वांत वरच्या मजल्यावर नेतात आणि मग डोंगरातल्या जंगलापासून समुद्रापर्यंतचा नदीचा प्रवास उतरत उतरत दाखवतात. तिथल्या शाळकरी मुलांना आपल्या नदीत कोणता मासा कुठे सापडतो हे तोंडपाठ असते. आपली वाशिष्ठी सह्याद्रीत उगम पावून दाभोळच्या खाडीला मिळते, हा सगळा प्रवास एका दिवसाच्या सहलीत पाहता येण्याजोगा आहे. तिच्यात मगरी आहेत, खाडीत बोय, शेंगाळी, काळुंद्रे, मुळे आहेत. आमच्या मुलांना मात्र शार्क आणि डॉल्फिन यांची नावे आधी येतात.

या मत्स्यालयाला सुमारे साडेचार कोटी डॉलर खर्च आला आणि तो जवळजवळ सगळा खासगी देणग्यांतून उभा राहिला. त्यामागे एक मोठी रंजक हकीकत आहे. 1899 मध्ये चॅटनूगाच्या दोन वकिलांनी, बेंजामिन थॉमस आणि जोसेफ व्हाइटहेड यांनी, कोका-कोला बाटलीत भरून विकण्याचे हक्क कंपनीचे मालक एसा कँडलर यांच्याकडून अवघ्या एका डॉलरला मिळवले. तोवर हे पेय बहुतांशी दुकानातल्या गल्ल्यावर पेल्यातूनच मिळे. त्या करारातून शहरात काही घराणी अपार श्रीमंत झाली आणि त्यांतल्या लप्टन घराण्याने आणि त्यांच्या प्रतिष्ठानाने नदीकाठासाठी हात सैल सोडला. आपल्याकडे असे दाते नाहीत, हा आक्षेप रास्त आहे. मी मत्स्यालय मागतही नाही. परंतु 1984 च्या त्या सभांना लागले होते शाळांचे वर्ग, कागद आणि संयोजकांची चिकाटी, आणि यांतले काहीही चिपळूणमध्ये कमी नाही.

त्या शहराने सार्वजनिक मालकीचा आग्रह कसा धरला याचे आणखी एक उदाहरण देते. तिथली वीज 1935 मध्ये स्थापन झालेले नगराच्या मालकीचे वीज मंडळ पुरवते. या मंडळाने वीजवाहिन्यांबरोबर ऑप्टिकल फायबरचे जाळे सर्वत्र नेले आणि 2010 मध्ये आपल्या संपूर्ण क्षेत्रातल्या प्रत्येक घराला आणि दुकानाला सेकंदाला एक गिगाबिट वेगाचे इंटरनेट देऊ केले. असे करणारे ते अमेरिकेतले पहिले शहर. खासगी केबल कंपन्यांनी न्यायालयात जाऊन विरोध केला, तो टिकला नाही. 2020 मध्ये शाळा बंद पडल्या तेव्हा गरीब घरांतल्या सुमारे 28 हजार विद्यार्थ्यांना दहा वर्षे मोफत इंटरनेट देण्याची योजना सुरू झाली, तीही याच जाळ्यावर. खरा उपयोग मात्र विजेसाठी झाला. वाहिन्यांवर बसवलेले हजाराहून अधिक स्वयंचलित स्विच एखादी तार तुटताच तेवढाच भाग वेगळा काढून बाकीच्यांना दुसऱ्या वाटेने वीज देतात. 12 एप्रिल 2020 च्या रात्री शहराला मोठ्या चक्रीवादळी झंझावाताने झोडपले, तेव्हा या व्यवस्थेची कसोटी लागली. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, 3 जूनला, आपल्या किनाऱ्यावर निसर्ग वादळ आले आणि मंडणगड-दापोलीपासून श्रीवर्धनपर्यंतची कितीतरी गावे आठवडेच्या आठवडे अंधारात राहिली. तुलना करून कोणाला कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. वादळे आता नेमाने येणार आहेत आणि किनाऱ्यावरच्या वीजजाळ्याचा विचार त्या हिशेबाने झाला पाहिजे, एवढेच मला म्हणायचे आहे.

या शहराविषयी सांगण्यासारखे अजून पुष्कळ आहे. बंद पडलेली गाडी ओढून नेणारा टोइंग ट्रक 1916 मध्ये इथल्या अर्नेस्ट होम्स या गॅरेजवाल्याने तयार केला आणि त्याचे संग्रहालयही शहरात आहे. ब्लूज संगीतातली थोर गायिका बेसी स्मिथ इथलीच. लुकआउट डोंगरावर 1895 पासून दोराने ओढली जाणारी रेल्वे चालते आणि त्याच डोंगराच्या पोटात 1928 मध्ये सापडलेला 145 फुटांचा धबधबा आहे. 2025 मध्ये चॅटनूगा उत्तर अमेरिकेतले पहिले ‘नॅशनल पार्क सिटी’, म्हणजे निसर्गाला शहरी जीवनाचाच भाग मानणारे शहर, ठरले. 1969 चा अहवाल आठवणाऱ्या तिथल्या वृद्धांना त्या दिवशी काय वाटले असेल, याची मी कल्पना करू शकते.

सर्व काही साधले असेही नाही. नदीकाठ देखणा झाला तशी आसपासची घरे महागली. पन्नास-साठच्या दशकांत महामार्ग आणि पुनर्विकास यांसाठी कृष्णवर्णीयांच्या ज्या वस्त्या उठवण्यात आल्या, त्या परत उभ्या राहिल्या नाहीत. म्हणूनच कोणाला विचारायचे, हा प्रश्न कसे विचारायचे याच्याइतकाच महत्त्वाचा आहे. पेठमापातल्या भाडेकरूला आणि नदीत होडी घालणाऱ्याला बंगलेवाल्यांच्या आधी विचारले गेले पाहिजे.

चिपळूणकर उदासीन आहेत, असे कोणी म्हणू नये. 22 जुलै 2021 रोजी बाजारपेठेत पहिल्या मजल्यापर्यंत पाणी चढले, 1864 पासून चालत आलेल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरात, 2005 नंतर पुन्हा एकदा, पुस्तके चिखलात गेली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात याच गावातल्या नागरिकांनी साखळी उपोषण केले, तेव्हा कुठे गाळ उपशाला गती आली. लोक रस्त्यावर उतरल्यावर ऐकायचे आणि एरवी आराखडा तयार करून हरकती-सूचनांसाठी महिनाभराची मुदत द्यायची, ही रीत बदलली पाहिजे. हरकत घ्यायला माणसाला नकाशा वाचता यावा लागतो. आपल्या दारात 2005 मध्ये पाणी कुठल्या पायरीपर्यंत आले आणि 2021 मध्ये कुठल्या, हे सांगायला काही वाचता यावे लागत नाही. शिवनदीचे तोंड कुठे बुजले, कुठल्या भरावाने पाण्याची वाट अडली, विसर्जनाचा घाट कुठे हवा, शिमग्यात पालखी नदीकाठाने कशी जाते, बायकांना संध्याकाळी कुठल्या वाटेने चालायची भीती वाटते, ही माहिती कुठल्याही सल्लागार कंपनीच्या संगणकात नाही. ती प्रभागांत, बाजारात आणि खाडीवर आहे. नगर परिषदेने प्रत्येक प्रभागातल्या शाळेत अशा सभा घ्याव्यात, प्रत्येक सूचना सूचकाच्या शब्दांत लिहून घ्यावी, यादी जाहीर लावावी आणि दरवर्षी पावसाळ्यापूर्वी तिच्यातले काय झाले आणि काय राहिले याचा हिशेब सर्वसाधारण सभेत द्यावा. अभियंत्यांनी आराखडा त्यानंतर करावा.

यात वृत्तपत्राचेही काम आहे. एडॉल्फ ऑक्स या तरुणाने 1878 मध्ये, वयाच्या अवघ्या विसाव्या वर्षी, 250 डॉलर उसने घेऊन ‘चॅटनूगा टाइम्स’ या डबघाईला आलेल्या वृत्तपत्राचा ताबा घेतला. पुढे 1896 मध्ये त्यांनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ विकत घेतला आणि त्याला नावारूपाला आणले, तरी चॅटनूगाशी त्यांनी अखेरपर्यंत नाते राखले आणि लुकआउट डोंगराच्या उतारावरची जमीन जनतेसाठी राखून ठेवण्यात पुढाकार घेतला. आपल्या दैनिकाची रत्नागिरी जिल्हा आवृत्ती चिपळूणच्या घराघरांत जाते. नगर परिषद सभा घेईल तेव्हा घेईल. तोवर आपण आठवड्यातून एक पान वाशिष्ठीसाठी द्यावे आणि दर आठवड्याला एका प्रभागातल्या वाचकांकडून नदीविषयीच्या सूचना मागवून त्या छापाव्यात. पहिल्या पानासाठी पेठमाप निवडावे आणि लिहिता न येणाऱ्यांच्या सूचना आपल्या वार्ताहराने घरी जाऊन लिहून घ्याव्यात. या कामात शिक्षकी पेशातल्या आम्हा निवृत्तांची मदत लागल्यास आपल्या चिपळूण कार्यालयाने अवश्य निरोप द्यावा.

कळावे,

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका, चिपळूण